जेम्स वॉट : एका लहान यंत्राची दुरुस्ती

आमच्या बालवाचकांपैकीं कांहींनीं वाफेवर चालणारें खेळण्याएवढें एंजिन पाहिलें असेल. त्याला पट्टा लावून लहानसा लेथ फिरविणारांस एक गोष्ट लवकरच कळून येते : जळण पुष्कळ लागतें, पण शक्ति थोडकी मिळते. हीच गोष्ट एका कारागिराच्या मनाला डांचली, आणि पुढें जगांतील कारखान्यांचें रूप पालटलें. त्याचें नांव जेम्स वॉट.

वॉटचा जन्म स्कॉटलंडांतील ग्रीनॉक बंदरीं १९ जानेवारी १७३६ रोजीं झाला. प्रकृति नाजूक असल्यामुळें त्याचें बाळपण बरेंचसें घरींच गेलें. परंतु वडिलांच्या कारखान्यांत त्याच्या हातास हत्यारांची संवय जडली. १७५५ सालीं लंडनला जाऊन तो शास्त्रीय उपकरणें बनविण्याचें काम शिकला, व १७५७ सालीं ग्लासगो विद्यापीठानें त्यास आपल्या आवारांत कामासाठीं जागा दिली. किटलीचें झाकण उडतांना पाहून त्यानें वाफेचें एंजिन शोधून काढलें, ही कथा सर्वश्रुत आहे. पण न्यूकॉमेनचें एंजिन १७१२ पासूनच खाणींतील पाणी उपसत होतें.

१७६३ च्या हिवाळ्यांत त्याच एंजिनाचा विद्यापीठांतील एक लहान नमुना वॉटकडे दुरुस्तीस आला. त्यानें तो नीट केला. तरी कांहीं फेरे होतांच वाफ संपे व यंत्र थांबे. सांगितलेलें काम झालें होतें. नमुना तसाच परत केला असता तरी कोणी दोष दिला नसता. पण कारण कळल्यावांचून वॉटला चैन पडेना. प्रयोगान्तीं त्यास आढळलें कीं, प्रत्येक फेऱ्याला थंड पाणी सोडून नळकांडें निववितात, आणि तें पुन्हां तापविण्यांतच बरीचशी वाफ खर्चीं पडते. यंत्र जितकें लहान, तितकी ही हानि अधिक. लांबी, रुंदी व उंची दुप्पट केली, तर पृष्ठभाग चौपट होतो, पण आंतील जागा आठपट होते. म्हणजे लहान नळकांड्यांत वाफेच्या मानानें तिला निवविणारी भिंतच मोठी.

१७६५ च्या मे महिन्यांत, एका रविवारीं फिरावयास गेला असतां, त्यास उपाय सुचला : वाफ निराळ्या भांड्यांत निववावी, म्हणजे नळकांडें सदा उष्ण राहील.

युक्ति सांपडली, पण यश दूर होतें. पोटासाठीं त्यास कालव्यांची मोजणी करीत हिंडावें लागलें. १७७३ सालीं त्याचा भागीदार रोबक कर्जांत बुडाला, आणि त्याच वर्षीं वॉटची पत्नीहि निवर्तली. पुढच्या वर्षीं तो बर्मिंगहॅमला बोल्टन नांवाच्या कारखानदाराकडे गेला. विल्किन्सन ह्या लोहकारानें नळकांडीं अचूक कोरून दिलीं, व १७७६ सालीं नवीं एंजिनें चालूं लागलीं. तोंवर एंजिनाचें काम मुख्यतः पाणी उपसण्याचें होतें. १७८१ च्या योजनेनें तें चाक फिरवूं लागलें, आणि गिरण्या व यंत्रशाळा त्यावर चालूं लागल्या.

१८०० सालीं वॉट धंद्यांतून निवृत्त झाला, तरी २५ ऑगस्ट १८१९ रोजीं मरण येईपर्यंत घराच्या माळ्यावरील कारखाना त्यानें सोडला नाहीं. तेथें तो मूर्तींच्या प्रतिकृति कोरणारीं यंत्रें रचीत बसे. तो कारखाना आज लंडनच्या विज्ञान-संग्रहालयांत आहे, आणि तो लहान नमुना ग्लासगोंत जपून ठेविला आहे. विजेच्या दिव्यावरील शक्तीचें मापहि वॉटच्याच नांवानें ओळखलें जातें.

विद्यार्थीमित्रहो, गणिताचें उत्तर जुळलें म्हणजे आपण वही मिटतों. तें कां जुळलें, हें विचारावयास आणखी क्षणभर थांबावें, एवढेंच आम्ही ह्या चरित्रावरून शिकलों.