विश्लेषण : राजाला भुरळ घालणारी लोला मॉन्टेझ आयर्लंडमधील लग्नाच्या नोंदीत कशी अडकली?

न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील ग्रीन-वुड दफनभूमीत एका थडग्यावर मिसेस एलायझा गिल्बर्ट हे नाव आहे. मृत्यूची तारीख १७ जानेवारी १८६१ आणि वय ४२. यातील तारीख बरोबर आहे, वय मात्र चुकले आहे. तीन लग्ने होऊनही दगडावर आडनाव माहेरचेच राहिले. ही महिला म्हणजे १९व्या शतकात युरोप गाजवणारी नर्तिका लोला मॉन्टेझ. स्वतःबद्दल तिने आयुष्यभर वेगवेगळ्या कथा सांगितल्या. त्यातले खरे-खोटे अखेर चर्चच्या जुन्या नोंदींनीच ठरवले.

लोला मूळची कुठली?

लोला स्वतःला स्पॅनिश म्हणवत असे. प्रत्यक्षात तिचा जन्म १७ फेब्रुवारी १८२१ रोजी आयर्लंडच्या स्लायगो परगण्यातील ग्रेंज गावात झाला. वडील एडवर्ड गिल्बर्ट ब्रिटिश लष्करात कनिष्ठ अधिकारी होते. आई एलायझा ऑलिव्हर ही आयर्लंडच्या बड्या जमीनदार घराण्यातील पुरुषाची अनौरस मुलगी.

१८२३ मध्ये हे कुटुंब भारतात आले आणि थोड्याच काळात वडिलांचा कॉलऱ्याने मृत्यू झाला. आई तेव्हा जेमतेम १९ वर्षांची होती. पुढच्या वर्षी तिने पॅट्रिक क्रेगी या लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केले. लहानग्या एलायझाला शिक्षणासाठी स्कॉटलंडमध्ये सावत्र वडिलांच्या नातेवाइकांकडे पाठवण्यात आले.

पहिले लग्न आयर्लंडमध्ये का?

१८३७ मध्ये भारतातून रजेवर आलेल्या थॉमस जेम्स या लेफ्टनंटसोबत ती पळून गेली. ती तेव्हा १६ वर्षांची होती. दोघांनी थेट आयर्लंड गाठले, कारण जेम्सचा भाऊ तेथे पाद्री होता. २३ जुलै १८३७ रोजी मीथ परगण्यातील रॅथबिगन येथे त्यानेच दोघांचे लग्न लावले.

लग्नानंतर हे जोडपे भारतात आले, पण संसार टिकला नाही. लोला इंग्लंडला परतली. जहाजावरील प्रवासात तिचे दुसऱ्या अधिकाऱ्याशी संबंध जुळले आणि जेम्सने न्यायालयात धाव घेतली. १८४२ मध्ये लंडनच्या धर्म न्यायालयाने दोघांना विभक्त राहण्याची परवानगी दिली. मात्र एक अट होती. दोघांपैकी एक जण जिवंत असेपर्यंत दुसऱ्याला पुन्हा लग्न करता येणार नव्हते. त्या काळी इंग्लंडमध्ये पूर्ण घटस्फोटासाठी संसदेत स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. तो खर्च फक्त श्रीमंतांनाच परवडत असे.

राजाचे प्रकरण काय होते?

१८४३ मध्ये ती स्पॅनिश नर्तिका लोला मॉन्टेझ म्हणून लंडनच्या रंगमंचावर आली. काही प्रेक्षकांनी तिला ओळखले आणि तिला लंडन सोडावे लागले. १८४६ मध्ये ती म्युनिकला पोहोचली. बव्हेरियाचा साठीतला राजा लुडविग पहिला तिच्यात इतका गुंतला, की त्याने १८४७ मध्ये तिला लँड्सफेल्डची काउंटेस केले. राज्यकारभारातील तिच्या दखलीने असंतोष वाढला. १८४८ च्या फेब्रुवारीत तिला पळ काढावा लागला आणि मार्चमध्ये राजाने सिंहासन सोडले. त्या वर्षी युरोपभर क्रांतीची लाट होती. त्यामुळे दोष एकट्या लोलाचा नव्हता, पण खापर तिच्यावर फुटले.

जुनी नोंद पुन्हा कधी आडवी आली?

जुलै १८४९ मध्ये तिने लंडनमध्ये जॉर्ज ट्रॅफर्ड हील्ड या तरुण अधिकाऱ्याशी लग्न केले. हील्डच्या आत्याला हे पसंत नव्हते. तिने तक्रार केली आणि ऑगस्टमध्ये लोलाला द्विभार्याविषयक कायद्याखाली, म्हणजे पहिला नवरा हयात असताना दुसरे लग्न केल्याच्या आरोपाखाली, अटक झाली. येथे दोनच मुद्दे होते. पहिले लग्न कायदेशीर होते का आणि जेम्स जिवंत आहे का? रॅथबिगनचे लग्न आणि १८४२ चा निकाल, दोन्ही तिच्या विरोधात जात होते. जामीन मिळताच ती पतीसह इंग्लंडबाहेर निघून गेली. हा संसारही मोडला.

१८५३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तिने पॅट्रिक हल या पत्रकाराशी तिसरे लग्न केले. तेही टिकले नाही. पुढे ऑस्ट्रेलियाचा दौरा, मग अमेरिकेत व्याख्याने आणि शेवटी आजारपण. मृत्यूसमयी तिची चाळिशी पूर्ण व्हायला एक महिना बाकी होता.

आईवरचा आरोप कसा पुसला गेला?

लोलाचा जन्म १८१८ मध्ये झाल्याचे बरीच वर्षे मानले जाई. थडग्यावरचे वयही तेच सुचवते. आई लग्नाआधीच गरोदर होती, अशी कुजबुजही होती. मात्र आई-वडिलांचे लग्न २९ एप्रिल १८२० रोजी झाले होते. लोलाचा बाप्तिस्मा १६ फेब्रुवारी १८२३ रोजी लिव्हरपूलमध्ये झाला. ही बाप्तिस्म्याची नोंद १९९० च्या दशकाच्या अखेरीस उजेडात आली. तिच्यामुळे जन्माचे साल १८२१ ठरले. लग्न आणि जन्म यांत साडेनऊ महिन्यांहून अधिक अंतर निघाले आणि कुजबुज खोटी ठरली.

अशा नोंदी शोधणे अवघड का?

आयर्लंडमध्ये सरकारी विवाहनोंदणी १ एप्रिल १८४५ रोजी सुरू झाली, तीही कॅथलिक सोडून इतरांसाठी. कॅथलिकांसह सर्वांची नोंदणी १८६४ पासून होऊ लागली. त्याआधीच्या लग्नांसाठी चर्चच्या वह्यांवरच भिस्त ठेवावी लागते. प्रोटेस्टंट चर्च ऑफ आयर्लंडच्या अनेक वह्या डब्लिनच्या सरकारी अभिलेखागारात जमा केल्या होत्या. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात तेथे स्फोट होऊन आग लागली आणि त्या जळून गेल्या. ज्या चर्चनी वह्या स्वतःकडेच ठेवल्या होत्या, त्या वाचल्या. कॅथलिक वह्या चर्चमध्येच असल्याने बहुतांश बचावल्या. राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये त्यांच्या प्रतिमा ऑनलाइन मोफत खुल्या केल्या.

शोध कुठून सुरू करायचा?

आधी लग्नाचे अंदाजे साल, मग धर्मपंथ आणि मग गाव ठरवावे लागते. १८४५ नंतरची सरकारी नोंद सापडल्यास त्यात वधू-वरांच्या वडिलांची नावे आणि व्यवसायही मिळतात, म्हणजे आणखी एक पिढी मागे जाता येते. वय मात्र अनेकदा आकड्यात नसते, फक्त सज्ञान असल्याचा शेरा असतो. चर्चची वही जळाली असेल, तर वृत्तपत्रांतील विवाहवार्ता, लग्नपरवान्यांच्या सूची आणि लष्करी कागदपत्रे पाहावी लागतात.

लग्न सहसा वधूच्या गावच्या चर्चमध्ये होई, म्हणून शोध तिथूनच सुरू करतात. पण लोलाचे लग्न ना तिच्या जन्मगावी झाले, ना आईच्या माहेरी. ते झाले दिराच्या ओळखीच्या चर्चमध्ये. वधूच्या गावी नोंद मिळाली नाही म्हणजे लग्न झालेच नाही, असे समजू नये. अशा वेळी कुटुंबात कोणी पाद्री होता का, हे आधी तपासावे.