कै. प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर

कृष्णाकाठी हयात घालविलेल्या आम्हां सातारा-सांगलीकरांना आपल्याच नद्यांत काय दडले आहे, हे मालवणच्या एका तरुणाने दाखविले. ही हकीकत सभासदांच्या घरोघरी ठाऊक व्हावी, म्हणून हे अल्प चरित्र.

आघारकरांचा जन्म १८८४ सालचा. सह्याद्रीत हिंडून वनस्पती व जीवजंतूंचे नमुने जमविण्याचा त्यांना विलक्षण नाद. १९११ साली सातारा जिल्ह्यात, कृष्णेच्या उपनद्यांत, त्यांना गोड्या पाण्यातील जेलीफिश सापडला. त्याचे भाईबंद तोवर आफ्रिकेतच ज्ञात होते. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे डॉ. ॲनंडेल यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. वनस्पतिशास्त्रज्ञाचा प्रथम बोलबाला व्हावा तो एका प्राण्यामुळे, हा योगच म्हणावयाचा!

पुढे कलकत्ता विद्यापीठाने त्यांना वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकपद दिले. अध्ययनार्थ ते जर्मनीत असताना १९१४ चे महायुद्ध पेटले आणि ब्रिटिश प्रजाजन म्हणून ते स्थानबद्ध झाले. परमुलखात, शत्रूच्या कैदेत! तरीही विद्या सुटली नाही. वायव्य हिंदुस्थानच्या रुक्ष प्रदेशातील झाडेझुडपे मूळची कोठली आणि ती पसरतात कशी, यावर प्रबंध लिहून १९१९ मध्ये त्यांनी बर्लिनची डॉक्टरेट मिळविली.

१९४६ साली, आमच्यासारखे पेन्शनर ओसरी धरतात त्या वयात, त्यांनी पुण्यास महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी उभी केली व १९६० मध्ये देह ठेवीपर्यंत तिचा भार वाहिला. १९९२ पासून तेथील संशोधनसंस्थेस आघारकरांचे नाव आहे. सह्याद्रीतील वाळविलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह तेथे जतन केलेला आहे.