वजीरे आझम सोकोल्लू महंमद पाशा

उस्मानी सुलतान सुलेमान यांचे नाव आपण इतिहासात वाचले असेलच. त्यांच्या अखेरच्या वजीराची ही हकीकत.

सोकोल्लू महंमद पाशांचा जन्म सुमारे १५०५ साली बोस्नियातील एका खेड्यात, ख्रिस्ती सर्ब घराण्यात झाला. त्या काळी उस्मानी सरकार ख्रिस्ती प्रजेची मुले सक्तीने नेई. आईबापांवर काय गुदरले असेल, ते पालकांना सांगायला नको! मुलाला मुसलमान करून सरकारी शिक्षण देण्यात आले. १५६५ साली ते वजीरे आझम झाले आणि तीन सुलतानांच्या कारकिर्दीत त्याच पदावर राहिले. मात्र घरची माणसे ते विसरले नाहीत. १५५७ साली पेच येथील सर्बियन धर्मपीठ पुन्हा सुरू झाले ते त्यांच्याच वजनामुळे, आणि त्याचा प्रमुख झाला त्यांचाच नातलग मकारिये.

१५६८ साली व्हेनिसचा वकील म्हणून मार्कांतोनियो बार्बारो इस्तंबूलला आला. दोघांचे चांगले जमले. पुढल्याच वर्षी पाशांनी त्याच्यामार्फत व्हेनिसहून काचेचे ९०० दिवे मागवले. पण १५७० साली सुलतान सलीम दुसरे यांनी सायप्रसवर स्वारी केली. पाशांना हे युद्ध नको होते, परंतु दरबारातील विरोधकांची सरशी झाली. बार्बारो आपल्याच घरात नजरकैदेत पडला.

आता पाहा, वाट कशी निघाली. सालोमन अश्केनाझी हा यहुदी हकीम पाशांकडेही जाई आणि बार्बारोच्या घरीही. पादुआत वैद्यक शिकलेला हा गृहस्थ औषधांबरोबर निरोपही नेऊ लागला. ऑक्टोबर १५७१ मध्ये लेपांतोच्या समुद्रात उस्मानी आरमाराचा धुव्वा उडाला, तरी ही ये-जा थांबली नाही. अखेर ७ मार्च १५७३ रोजी तह झाला. पाशांची मैत्री काही स्वस्त नव्हती : व्हेनिसला सायप्रस सोडावे लागले, वर ३ लाख दुकात मोजावे लागले. पण लढाई थांबली, आणि बार्बारो सुखरूप मायदेशी परतला. १५७४ साली पाशांनी त्याच हकीमाला आपला वकील म्हणून व्हेनिसला धाडले. यहुदी वकील स्वीकारावा की नाही, यावर तिथे बरीच कुरकुर झाली म्हणतात!

ऑक्टोबर १५७९ मध्ये दरवेशाच्या वेषात अर्ज घेऊन आलेल्या एका माणसाने पाशांना भोसकले. त्यांनी मिमार सिनानकडून विशेग्राद येथे द्रीना नदीवर बांधून घेतलेला ११ कमानींचा पूल त्यांच्या जन्मगावापासून फार दूर नाही. दोन्ही महायुद्धांत त्याच्या कमानी उडवल्या गेल्या. डागडुजी होऊन तो आजही उभा आहे.