विश्लेषण : माइनक्राफ्टमध्ये चालता संगणक बांधता येतो तो कुणाच्या गणितामुळे? कोण होते जॉर्ज बूल?

माइनक्राफ्ट हा ठोकळे रचण्याचा खेळ. २०११ मध्ये तो अधिकृतपणे बाजारात आला आणि शाळकरी मुलांच्या मोबाइल-लॅपटॉपवर ठाण मांडून बसला. बहुतेक मुले त्यात घर, शेत, किल्ला बांधतात. काही जण मात्र ‘रेडस्टोन’ नावाच्या लाल भुकटीच्या मागे लागतात. आधी आपोआप उघडणारे दार, मग बेरीज करणारे यंत्र, मग आठ बिटचा प्रोसेसर. २०२२ मध्ये तर एका खेळाडूने खेळातच संगणक उभारून त्यावर माइनक्राफ्टचीच छोटी आवृत्ती चालवून दाखवली. हे जमते कारण रेडस्टोन ज्या नियमांनी वापरता येते ते गणित पक्के आहे. ते मांडणारा माणूस १८६४ मध्येच वारला. संगणक दूरच, त्याच्या घरात विजेचा दिवाही आला नव्हता.

खेळात सर्किट तयार कसे होते?

रेडस्टोनची भुकटी जमिनीवर ओळीने टाकली की ती तारेचे काम करते. सिग्नलची ताकद १५ असते आणि दर ठोकळ्यामागे ती एकाने घटते. लांब न्यायचा असेल तर मध्ये रिपीटर लावावा लागतो. पण खरी गंमत रेडस्टोनच्या टॉर्चमध्ये आहे. ही मशाल एरवी पेटलेली असते. ती ज्या ठोकळ्यावर लावली आहे त्याला सिग्नल मिळाला की विझते, सिग्नल गेला की पुन्हा पेटते. म्हणजे ‘हो’चे ‘नाही’ आणि ‘नाही’चे ‘हो’. इलेक्ट्रॉनिक्समध्ये यालाच नॉट गेट म्हणतात.

दोन लिव्हरच्या ओळी एकत्र आणल्या तर कोणतीही एक चालू असली तरी सिग्नल पुढे जातो. हे झाले ऑर गेट. दोन्ही लिव्हर चालू असतील तेव्हाच दार उघडायला हवे असेल तर? दोन्ही सिग्नल एकेका टॉर्चने उलटे करायचे, ते एकत्र आणायचे आणि तिसऱ्या टॉर्चने पुन्हा उलटे करायचे. तीन टॉर्चमध्ये अँड गेट तयार.

बेरजेसाठी आणखी एक गेट लागते. जिन्यातला दिवा खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही बटणांनी लागतो-विझतो, तशी त्याची चाल असते : दोनपैकी एकच चालू असेल तर सिग्नल, दोन्ही चालू किंवा दोन्ही बंद असतील तर नाही. हे एक्सॉर गेट बेरजेचा अंक देते आणि अँड गेट देते हातचा. पहिलीत शिकलेला हातचा एक तो हाच. एकमेकींना विझवतील अशा दोन टॉर्च जोडल्या तर त्यातली एकच पेटती राहते आणि दुसरा सिग्नल येईपर्यंत तशीच राहते. ही झाली एका बिटची मेमरी. प्रोसेसर म्हणजे याच गोष्टी हजारो वेळा.

हे गणित मांडणारे बूल कोण?

जॉर्ज बूल यांचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधील लिंकन या गावात झाला. वडील जॉन जोडे बनवत. आई लग्नापूर्वी एका घरात मोलकरीण होती. जॉन यांना जोड्यांपेक्षा दुर्बिणी आणि भिंगे बनवण्यात अधिक रस होता. त्याचा धंद्यावर व्हायचा तो परिणाम झालाच, पण मुलाला गणिताची गोडी लागली. एका पुस्तकविक्रेत्याच्या मदतीने जॉर्ज लॅटिन शिकला, ग्रीक स्वतःच शिकला. चौदाव्या वर्षी त्याने केलेला एका ग्रीक कवितेचा अनुवाद स्थानिक वृत्तपत्रात छापून आला, तेव्हा एवढ्या लहान मुलाला हे जमणेच शक्य नाही अशी शंका एका शिक्षकाने जाहीरपणे घेतली.

सोळाव्या वर्षी वडिलांचा धंदा बसला आणि आई-वडील व तीन भावंडांचा भार जॉर्जवर आला. डॉनकास्टरच्या शाळेत तो साहाय्यक शिक्षक झाला, एकोणिसाव्या वर्षी त्याने लिंकनमध्ये स्वतःची शाळा काढली. गणिताचे पुस्तक संपायला वेळ लागतो, त्यामुळे कमी पैशांत ते जास्त दिवस पुरते, म्हणून तो गणिताकडे वळला असे सांगितले जाते. गोष्ट रंगवलेली असू शकते, पण पैशांची ओढाताण खरी होती. लाग्रांज, लाप्लास यांचे अवघड ग्रंथ त्याने शाळा सांभाळून वाचून काढले. केंब्रिजला जाऊन पदवी घ्यायची तर कमाई थांबली असती. तो गेला नाही.

तरीही १८४४ मध्ये एका शोधनिबंधासाठी रॉयल सोसायटीचे सुवर्णपदक बूल यांना मिळाले. लिंकनमध्ये ते दुकानातल्या नोकरांना संध्याकाळी लवकर सुट्टी मिळावी या चळवळीतही होते. कामानंतरचा मोकळा वेळ शिकण्यासाठी किती मोलाचा असतो, हे त्यांना वेगळे सांगायची गरज नव्हती. १८४९ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथील नव्या क्वीन्स कॉलेजात ते गणिताचे पहिले प्राध्यापक झाले. पदवी अर्थातच नव्हती. आयर्लंडमध्ये तेव्हा बटाट्याच्या पिकावरील रोगामुळे आलेला भीषण दुष्काळ सुरू होता.

बूल यांनी नेमके काय मांडले?

विचार करण्याचे नियम बीजगणितात लिहिता येतील का, हा त्यांचा प्रश्न होता. १८४७ मध्ये त्यांनी त्यावर छोटी पुस्तिका काढली आणि १८५४ मध्ये ‘लॉज ऑफ थॉट’ या नावाने ओळखला जाणारा ग्रंथ.

समजा, क्ष म्हणजे सर्व काळ्या वस्तू आणि य म्हणजे सर्व गायी. क्ष गुणिले य म्हणजे काळ्या गायी. आता काळ्या वस्तूंमधून पुन्हा काळ्या वस्तू निवडल्या तर? तेवढ्याच उरतात. म्हणजे क्षचा वर्ग बरोबर क्ष. शाळेतल्या आकड्यांमध्ये हे समीकरण फक्त दोनच ठिकाणी खरे ठरते : ० आणि १. बूल यांच्या मांडणीत १ म्हणजे सर्व काही आणि ० म्हणजे काहीच नाही. मग १ वजा क्ष म्हणजे जे जे काळे नाही ते सगळे. माइनक्राफ्टमधली टॉर्च हीच वजाबाकी करते.

इंजिनीअरिंगला आम्ही बुलियन अल्जिब्राची कोष्टके पाठ केली, पण हा बूल कोण, हे कुणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. त्या कोष्टकांतले रूप मात्र जसेच्या तसे बूल यांचे नाही. त्यांची अधिक चिन्हाची व्याख्या अडचणीची होती. जेव्हन्स आणि इतरांनी ती नंतर दुरुस्त केली.

भारताशी काय संबंध?

१८५५ मध्ये बूल यांनी मेरी एव्हरेस्ट यांच्याशी लग्न केले. ज्यांच्या नावाने सर्वोच्च शिखर ओळखले जाते त्या जॉर्ज एव्हरेस्ट यांची ती पुतणी. एव्हरेस्ट यांच्याआधी भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे प्रमुख असलेले विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारले, त्यांच्या जागी एव्हरेस्ट आले. बूल यांचे स्नेही आणि तर्कशास्त्रातले साथीदार ऑगस्टस डी मॉर्गन यांचा जन्म तर मदुराईचा. वर तीन टॉर्चचे अँड गेट बांधले, ते डी मॉर्गन यांच्याच नियमाने.

मृत्यू कसा झाला?

२४ नोव्हेंबर १८६४ रोजी बूल घरून कॉलेजपर्यंत सुमारे तीन मैल भर पावसात चालत गेले आणि ओल्या कपड्यांतच त्यांनी तास घेतला. न्यूमोनिया झाला. ज्या कारणाने आजार आला त्यानेच तो जातो, या समजुतीतून मेरी यांनी त्यांना ओल्या चादरींत गुंडाळून ठेवले, असे सांगतात. त्याने किती फरक पडला ते आता ठरवणे कठीण, पण ८ डिसेंबरला बूल गेले. वय ४९. मागे पत्नी आणि पाच मुली. धाकटी एथेल सात महिन्यांचीही नव्हती.

मग हे गणित यंत्रापर्यंत पोहोचले कसे?

१८६२ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात बूल आणि गणन यंत्राचे जनक चार्ल्स बॅबेज यांची भेट झाली होती. यंत्राचा माणूस आणि तर्काच्या बीजगणिताचा माणूस समोरासमोर आले, पण त्यातून काही निघायच्या आत बूल वारले. पुढची सत्तर वर्षे हे बीजगणित मुख्यतः तर्कशास्त्र शिकणाऱ्यांपुरते राहिले. क्लॉड शॅनन या अमेरिकी विद्यार्थ्याने ते मिशिगन विद्यापीठात असताना वाचले होते. १९३७ मध्ये एमआयटीतल्या मास्टर्सच्या प्रबंधात त्याने दाखवून दिले, की रिलेचे उघडणे-मिटणे बूल यांच्या ० आणि १ नेच लिहिता येते. सर्किट अंदाजाने जोडायची गरज उरली नाही. आधी कागदावर समीकरण सोपे करा, मग तारा जोडा. रेडस्टोनवाली मुले आज तेच करतात, फक्त रिलेच्या जागी टॉर्च असते.

मुलींचे काय झाले?

मेरी लंडनला गेल्या आणि एका महिला महाविद्यालयात ग्रंथपाल झाल्या. मुलांना गणित कसे शिकवावे यावर त्यांनी पुढे पुस्तके लिहिली. एथेल लिलियन व्हॉयनिच या नावाने कादंबरीकार झाली, ल्यूसी रसायनशास्त्रज्ञ. मधली अ‍ॅलिशिया वडील गेले तेव्हा चार वर्षांची होती, तिला कॉर्कमध्येच आजीकडे ठेवले गेले. गणिताचे रीतसर शिक्षण तिलाही मिळाले नाही. ती अठराच्या आसपास असताना हिंटन नावाचे गणित शिक्षक त्यांच्या घरी लाकडाचे छोटे चौकोनी ठोकळे घेऊन आले. ते रचत चौथ्या मितीतला घन कसा दिसेल हे ते बहिणींना दाखवत. इतरांना त्यात फार रस वाटला नाही, अ‍ॅलिशियाला वाटला. चार मितींतल्या आकृत्यांचे छेद तिने शोधले, पुठ्ठ्याची प्रारूपे स्वतः कापून चिकटवली. १९१४ मध्ये नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेन विद्यापीठाने तिला मानद डॉक्टरेट दिली. त्यातली काही प्रारूपे आजही त्या विद्यापीठात आहेत.