क्विनीनचा माग काढणारे कर्नल चोप्रा

हिवतापाच्या रुग्णाला क्विनीन दिलं तरी ताप उतरत नाही. मात्रा कमी पडली, की निदान चुकलं? 1920च्या दशकात आपल्याकडच्या डॉक्टरांना हा पेच पडे. तिसरी शक्यता रुग्णाची नाडी पाहून कळणारी नव्हती: त्या गोळीत क्विनीन पुरेसं नव्हतंच.

या शक्यतेचा छडा लावण्याचं काम 1930 साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्याकडे आलं. जन्म 1882चा, गुजराँवालाचा. केंब्रिजला शिक्षण, मग इंडियन मेडिकल सर्व्हिस, आणि 1921पासून कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये औषधशास्त्राचे प्राध्यापक. सर्पगंधेसारख्या देशी वनस्पतींवरच्या संशोधनासाठी त्यांचं नाव घेतलं जातं. माझ्या मते त्यांचं त्याहून मोठं काम म्हणजे औषध चौकशी समितीचं अध्यक्षपद.

त्या वेळी औषधांच्या दर्जासाठी देशभर लागू होणारा कायदाच नव्हता. कमी ताकदीची, भेसळीची औषधं राजरोस येत, बनत आणि विकली जात. 1931च्या अहवालात समितीने नुसती लबाडांची यादी केली नाही. कारखाना, आयातदार, घाऊक व्यापारी, दुकान अशा हातांतून औषध जातं. यातला कुठलाही हात माल बदलू शकतो. म्हणून समितीने एक केंद्रीय कायदा, तपासणीच्या प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित औषधनिर्माते अशी तिन्हीची मागणी केली. प्रयोगशाळेशिवाय भेसळ सिद्ध होत नाही, आणि कायद्याशिवाय ती सिद्ध करून उपयोग नसतो.

सरकार सावकाश हललं. 1937 साली फक्त आयातीपुरतं विधेयक आलं, पूर्ण कायदा 1940मध्ये, नियम 1945मध्ये. परवाना, निरीक्षक, सरकारी विश्लेषक आणि वेष्टनावरचा बॅच नंबर ही सगळी त्याच वाटेने आलेली व्यवस्था. सरकारी रुग्णालयात एखाद्या औषधाबद्दल शंका आली की आम्ही आजही आधी बॅच नंबर पाहतो. त्यावरूनच तो सगळा साठा बाजूला काढता येतो.

चोप्रा पुढे काश्मीरमध्ये औषध संशोधनात रमले. 1973 साली श्रीनगरला वारले.

बॅच नंबरची एक अडचण मात्र राहिलीच. हजारो पाकिटांवर तो एकच असतो, त्यामुळे नकली माल बनवणारा तो सहज छापतो. आपल्याकडे 1 ऑगस्ट 2023पासून 300 ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. मोबाइलने तो तपासला की उत्पादक, बॅच, मुदत, परवाना क्रमांक दिसतो. पण कोडचीही नक्कल होते. युरोपात 2019पासून डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या बहुतेक औषधांच्या प्रत्येक खोक्याला वेगळा क्रमांक असतो आणि औषध देताना तो नोंदीतून बाद केला जातो. तोच क्रमांक पुन्हा आला, किंवा चोरीला गेलेल्या खोक्याचा आला, की दुकानातच इशारा मिळतो. आपल्या दुकानांत अजून तेवढी सोय नाही.

तोवर पट्टी कापून घेताना बॅच नंबर दुसऱ्या तुकड्यावर राहत नाही ना, ते पाहा. राहत असेल तर बिलावरचा नंबर पट्टीशी ताडून घ्या आणि गोळ्या संपेपर्यंत बिल फेकू नका.