स्टीफन हिस्लॉप : चिकाटी आणि कृतज्ञतेचा वारसा

नागपुरात हिस्लॉप हे नाव ठाऊक नाही, असा माणूस विरळाच. मात्र ज्याच्या नावाने हे महाविद्यालय ओळखले जाते, त्या माणसाचे आयुष्य फारसे कोणाला परिचित नाही.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी म्हणून ते १८४४च्या अखेरीस मुंबईत उतरले आणि १८४५च्या फेब्रुवारीत नागपूरला पोहोचले. त्या वेळी येथे तिसऱ्या रघुजी भोसल्यांचे राज्य होते. पुढल्याच वर्षी त्यांनी शाळा सुरू केली.

काम सोपे नव्हते. भाषा परकी, उन्हाळा जीवघेणा आणि परधर्मी शिक्षकाविषयी लोकांच्या मनात स्वाभाविक संशय. अठरा वर्षांत ख्रिस्ती धर्म स्वीकारणाऱ्यांची संख्या फारशी वाढली नाही. केवळ संख्येनेच यश मोजायचे, तर ते निराश होऊन परत गेले असते. पण पेरणी आपल्या हाती, पीक ईश्वराच्या हाती, ही ख्रिस्ती श्रद्धा त्यांच्या कामातून दिसते. १८५४मध्ये भोसल्यांचे राज्य कंपनी सरकारने खालसा केले, तीन वर्षांनी १८५७चा उठाव झाला. हिस्लॉप यांचे काम मात्र थांबले नाही.

या भूमीविषयीची त्यांची आस्था शाळेपुरती नव्हती. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर परिसरातील खडक व जीवाश्म धुंडाळले. त्यांचा शोधनिबंध १८५५मध्ये लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हिस्लोपाइट या खनिजाला त्यांचेच नाव मिळाले. गोंड व इतर आदिवासींचे शब्द, चालीरीती आणि लिंगोची गाथा त्यांनी टिपून ठेवली. ज्यांच्याकडे तेव्हाच्या विद्वानांचे क्वचितच लक्ष जाई, त्यांच्या बोलीला मान देणे, हीदेखील कृतज्ञतेचीच एक रीत होय.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट परिसरातील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना, पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले. सेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता. त्यांची टिपणे अपुरी राहिली होती. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त सर रिचर्ड टेंपल यांनी ती संपादित करून १८६६मध्ये प्रसिद्ध केली.

शाळा मात्र चालू राहिली. १८८३मध्ये तिचे महाविद्यालय झाले आणि त्याला हिस्लॉप यांचे नाव देण्यात आले. तेथून शिकून बाहेर पडलेल्या पिढ्यांत सर्व धर्मांचे, सर्व जातींचे नागपूरकर आहेत. हिस्लॉप यांना यातले काहीच पाहता आले नाही. ज्याचे फळ आपल्या वाट्याला येणार नाही, ते झाड निष्ठेने लावणे हीच चिकाटी. आणि त्या सावलीत बसताना लावणाऱ्याची आठवण ठेवणे, ही कृतज्ञता. पहिले काम हिस्लॉप करून गेले. दुसरे आपल्याकडे आहे.