संत चार्ल्स बोरोमियो : साथीच्या काळातला धीर

दरवर्षी ४ नोव्हेंबरला आपण संत चार्ल्स बोरोमियो यांचा सण साजरा करतो. २०२० साली टाळेबंदीत चर्चची दारे बंद झाली, घरात बसून मन खचू लागले. तेव्हापासून त्यांच्या चरित्रातले एक पान आपल्याला अधिक जवळचे झाले आहे.

चार्ल्स यांचा जन्म २ ऑक्टोबर १५३८ रोजी इटलीतील आरोना येथे एका उमराव घराण्यात झाला. मामा पोप चौथे पायस झाले आणि १५६० साली भाचा कार्डिनल. १५६२ साली थोरला भाऊ अकस्मात वारला. आता लग्न करून घराणे सांभाळावे, असा नातलगांचा आग्रह होता. चार्ल्स मात्र त्या दुःखातून प्रार्थनेकडे वळले. १५६३ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि पुढच्या वर्षी ते मिलानचे महागुरुस्वामी झाले.

ऑगस्ट १५७६ मध्ये मिलानमध्ये प्लेग आला. गव्हर्नर आणि अनेक श्रीमंत शहर सोडून गेले. बाहेरगावी असलेले चार्ल्स मात्र परत आले. त्यांनी मृत्युपत्र केले, वाड्यातले भरजरी पडदे उतरवून गरिबांसाठी कपडे शिवून घेतले आणि रुग्णांच्या भेटीला निघाले. पण त्यांचे धैर्य म्हणजे बेफिकिरी नव्हती. लोकांपासून अंतर राहावे म्हणून ते हातात काठी ठेवत आणि नाणी व्हिनेगरमध्ये बुडवून मगच देत.

ऑक्टोबरअखेर सर्वांना घरात राहण्याचा हुकूम निघाला. अन्नाइतकाच मनाचा प्रश्न बिकट झाला. चार्ल्स यांनी चौकाचौकांत वेदी उभारून घेतल्या, म्हणजे खिडकीतूनही मिस्सा दिसावी. दिवसरात्रीत मिळून सात वेळा घंटा वाजे. धर्मगुरू रस्त्यावर प्रार्थना सुरू करत आणि घराघरांच्या दारा-खिडक्यांतून लोक स्तोत्रे व लितानीला प्रतिसाद देत. पापनिवेदनही उंबरठ्यावर होई. घंटेमुळे रिकाम्या दिवसाला वळण लागले. शेजारचा आवाज कानी पडला, की आपण एकटे नाही हे कळे. श्रद्धा, नियमितपणा आणि सोबत या तीन गोष्टींनी लोकांचे मन तगले.

जानेवारी १५७८ मध्ये साथ संपल्याचे जाहीर झाले. तोवर शहरात सुमारे १७ हजार माणसे दगावली होती. चार्ल्स वाचले. मात्र कठोर उपवास आणि अविश्रांत कष्टांनी त्यांचे शरीर झिजले आणि ३ नोव्हेंबर १५८४ रोजी, वयाच्या ४६व्या वर्षी, त्यांना देवाज्ञा झाली. १६१० साली ते संतपदाला पोहोचले. त्यांची सेवावृत्ती आपण जरूर घ्यावी, पण आजाऱ्याची सेवा करणाऱ्यालाही विसावा हवा, हे विसरू नये.

साथ ओसरली तरी आपल्या धर्मग्रामात काही दारे अजून बंदच आहेत. कुणी अंथरुणाला खिळले आहे, कुणाचा जोडीदार त्या दिवसांत गेला. अशा एका घरासाठी आपण रोजची एक वेळ ठरवू या. फोन करू, दोन शब्द बोलू, जमल्यास सोबत रोझरी म्हणू. कुणाचे मन फारच खचलेले दिसले, तर त्याला डॉक्टरांकडे नेण्यात संकोच नको. मिलानमध्ये घंटेने जे काम केले, ते आपल्या एका हाकेनेही होईल.